सदतीस डोकी आणि यमुनाबाई

गुणवंतभाऊ ताथोडांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, डोकं राहत असे. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते क्षणभर त्याच्या कपाळाकडे बघत आणि म्हणत, "हां हां, तुमी ते गॉगलवाले. खालच्या रांगेत, डावीकून तिसरे." समोरचा माणूस खूश होऊन जाई. मागच्या गणपतीत चौकातल्या फ्लेक्सवर आपण डावीकडून तिसरे होतो, हे आपल्याशिवाय आणखी कुणाच्या तरी ध्यानात आहे, याचा तो आनंद असे.

अकोल्यात मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की एका लोहाराच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. गावभराचे फ्लेक्स करणाऱ्या या माणसाच्या दुकानाला स्वतःची पाटी नव्हती. विचारलं तर म्हणत, "पाटी लावली तं पयले लोक इचारतीन, तिच्यावर माहं डोकं काहून नाई." दुकान म्हणजे एक लांबट खोली. एक कॉम्प्युटर, गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची आणि गिऱ्हाइकाच्या कार्यकर्त्यांसाठी एक बाकडं. छपाई दुसरीकडे व्हायची, इथे फक्त डिझाइन. उन्हाळ्यात कूलर लावलेला असे, पण त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. आमदार आला तरी ते वळत नसे. अकोल्याचं ऊन माणसाला सोसतं, मशीनला सोसत नाही, असा त्यांचा हिशेब होता. स्वतः मात्र मानेवर ओला रुमाल टाकून बसत.

मी तेव्हा अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती स्नेहसंमेलनाच्या बॅनरसाठी. मी मोठ्या उत्साहानं ओळी सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते अक्षरं मंग पाहू मॅडम. प्राचार्य मोठे का अध्यक्ष मोठे?"

"म्हणजे वयानं?"

"वयाचं काय करता? डोकं, डोकं! संस्थेचे अध्यक्ष असतीन तं त्यायचं डोकं प्राचार्यापेक्षा बोटभर मोठं पाह्यजे. नाई तं पुढच्या वर्षी तुमी बॅनर घ्याले येसान, अन् तुमच्या कॉलेजात प्राचार्य दुसरा राहीन."

मी हसले. ते हसले नाहीत. माझं हसून होईपर्यंत थांबले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

त्यांच्या कॉम्प्युटरात 'डोके' नावाचा एक फोल्डर होता. आत पातूर, बाळापूर, तेल्हारा असे तालुक्यागणिक फोल्डर, आणि त्यांच्या पोटात शेकडो माणसं, मानेपासून वर कापून, मागची भिंत-झाडं-बायकामुलं काढून टाकून तयार ठेवलेली. वजनदार माणसं मात्र कमरेपासून वर ठेवलेली, आणि त्यांच्या तीन-तीन मुद्रा असत. एक हात जोडलेली, एक दूर कुठेतरी बोट दाखवणारी आणि एक मोबाइल कानाला लावलेली. "मोबाइलवाल्याले लय मागनी हाय मॅडम. मानूस कामात दिसते," ते सांगत. रंग उजळवण्याच्या त्यांच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्यांना त्यांनी नावंही दिली होती: मतदार, कार्यकर्ता आणि नेता. माणूस आला की त्याच्या कपड्याकडे बघून ते ठरवत, याला कितपत उजळायचा. नावापुढच्या विशेषणांनाही त्यांनी नंबर घातले होते. जुनी गिऱ्हाइकं फोनवरच सांगत, "भाऊ, यावेळी मले सहा नंबरचं लावा." सहा नंबर म्हणजे 'युवकांचे आशास्थान'. पन्नाशीच्या पुढचे लोक जास्त करून तेच मागत.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की माणूस बेरकी होता. मुळीच नाही. त्यांची या कामावर गाढ श्रद्धा होती. चौकात टांगलेल्या त्या कापडावर कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या शेजारी, यावर समाज टिकून आहे असं त्यांना मनापासून वाटे. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या भागात राहून मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

एकदा पातूरचे दोन चुलतभाऊ भर दुपारी दुकानात आले. हातात मोजायची टेप. चौकात शिडी लावून दोघांनी आपापली डोकी मोजली होती आणि एकाचं दुसऱ्यापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं निघालं होतं. गुणवंतभाऊंनी शांतपणे फाइल उघडून दाखवली. "डोकं सारखंच हाय. यायनं फेटा घातला, तुमी नाई घातला. फेटा मी कसा कापू?" प्रकरण मिटलं. पुढच्या फ्लेक्सला दुसऱ्या भावानं जो फेटा बांधून फोटो काढला, त्याच्यात त्याचं तोंड शोधावं लागे.

भांडणं ही त्यांची मोठी अडचण होती. सकाळी डिझाइन पास व्हायचं, दुपारी दोन नेत्यांचं फाटायचं आणि संध्याकाळी छपाईच्या तोंडावर फोन यायचा, "त्याले काढा!" एक डोकं काढलं की रांगेत भगदाड. सगळी डोकी सरकवायला वेळ नाही. मग गुणवंतभाऊ त्या जागी गुलाबाचं फूल टाकत. टपोरं, लाल, दव पडलेलं. झालं काय, की गाव शहाणं असतं. लोकांना हळूहळू ते फूल वाचता यायला लागलं. फ्लेक्स लागला की खाली उभे राहून विचारत, "गुलाबात कोन होतं गा?" एकदा तर एका फ्लेक्सवर ओळीनं चार गुलाब आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, पक्षात उभी फूट. पेपरच्या आधी गावाला गुणवंतभाऊंच्या गुलाबांनी कळवलं होतं.

या कारभारात त्यांचा एक नियम मात्र अढळ होता: एकटं तोंड लावायचं नाही. आमच्याकडे फ्लेक्सवर एकच मोठं तोंड असलं आणि खाली शुभेच्छुकांची रांग नसली, तर त्याचा अर्थ एकच. तो माणूस गेला.

हे न मानणारा एक निघाला, आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक. अभिरुचीसंपन्न गृहस्थ. पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवर त्यांना गर्दी नको होती, नुसता आपला एक फोटो आणि फिकट निळी पार्श्वभूमी. गुणवंतभाऊंनी परोपरीनं सांगितलं, "सर, दोन नातू तरी लावा खाली." सरांनी त्यांना साधेपणाचं सौंदर्य यावर अर्धा तास ऐकवलं. फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर दात घासत अंगणात आले, तर दारात भजनी मंडळ टाळ घेऊन उभं आणि बाळापूरहून आलेली एक चुलत बहीण रिक्षातून उतरता उतरताच रडायला लागलेली. सरांना जिवंत बघून ती जी बिथरली, ती चहाही न घेता परत गेली. गुणवंतभाऊ ही गोष्ट सांगताना कधीच हसत नसत. "तिच्या भाड्याचे पैसे वाया गेले ना बिचारीचे," म्हणत.

अशा माणसाकडे आमच्या लघुपटाचं पोस्टर गेलं.

लघुपट बनवला होता अनिकेतनं, माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं. पुण्याला सिनेमाचा एक वर्षाचा कोर्स करून तो दाढी आणि 'स्पेस' हा शब्द घेऊन परत आला होता. चहात साखर कमी असली तरी तो म्हणे, इथे थोडी स्पेस आहे. पण मुलगा कष्टाळू. त्याच्या 'शेवटचा वाटा' या बावीस मिनिटांच्या लघुपटाचे संवाद मी लिहिले होते. गोष्ट साधी: आठवडी बाजार उठला आहे, एका भाजीवालीच्या पुढ्यात वांग्यांचा एकच वाटा उरला आहे, आणि तो विकल्याशिवाय ती घरी जायला तयार नाही. का, ते शेवटी कळतं.

भाजीवालीच्या कामासाठी अनिकेतला खरीखुरी भाजीवाली हवी होती. ती हिवरखेडच्या बाजारात सापडली. यमुनाबाई. माळ्याची बाई, वय साठीच्या आसपास, दीड एकरात वांगी-मेथी पिकवायची आणि स्वतः बाजारात बसून विकायची. समोरचा एक दात पडलेला. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघे. माझे अर्धे संवाद तिनं पहिल्याच दिवशी फेकून दिले. "असं कोनी बोलते काय बाई?" एवढंच म्हणाली आणि स्वतःचे बोलली. बारा दिवस ती आपला बाजार सोडून अकोल्याजवळच्या दुसऱ्या एका बाजारात शूटिंगला आली.

आणि मदत करणारे तर विचारूच नका. अख्ख्या बाजाराची परवानगी, जनरेटर, रोजचा चहा-नाश्ता हे सगळं नानासाहेबांनी केलं. नानासाहेब म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, गुणवंतभाऊंच्या दुकानाचं निम्मं काम त्यांचं. त्यांच्याखेरीज कुणी बैलजोडी दिली, कुणी ताडपत्री, कुणी नुसतंच उभं राहून गर्दी हटवली. अमरावतीच्या एका लघुपट महोत्सवात आमची निवड झाली, अकोल्यात बातमी पसरली आणि दोन दिवसांत गुणवंतभाऊंच्या मोबाइलवर सदतीस फोटो येऊन पडले.

गुणवंतभाऊंनी नेहमीच्या हातोटीनं पोस्टर केलं. वर नानासाहेब, मोबाइल कानाला लावून. खाली तीन रांगांत छत्तीस डोकी. मधल्या उरलेल्या जागेत सोनेरी अक्षरांत 'शेवटचा वाटा'. ते बघून अनिकेत खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग त्यानं स्वतः केलेलं पोस्टर दाखवलं. नुसती काळी जमीन. वर राखाडी आकाश. कोपऱ्यात मुंगीएवढं तराजूचं एक पारडं.

"मानूस कुठं हाय?" गुणवंतभाऊंनी विचारलं.

"तीच तर स्पेस आहे भाऊ. प्रेक्षकाला शोधू दे."

"शोधाले प्रेक्षक काय पोलीस हाय?"

हा वाद चालू असतानाच दारात यमुनाबाई आली. अकोल्याला भाचीकडे आली होती. पोस्टर इथं बनतंय असं कळलं, तशी हातातल्या पिशवीसह आली. तिला मी खुर्ची दिली, ती खालीच बसली. गुणवंतभाऊंनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. ती पुढे सरकली आणि काचेला बोट लावून एकेक डोकं बघू लागली. पहिली रांग झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

"याच्यात मी कुठं हाव?"

गुणवंतभाऊंनी मोबाइल काढून आलेले फोटो पुन्हा चाळले. तिचा फोटो कुणी पाठवलाच नव्हता. ज्याचा फोटो येतो त्याचं डोकं लागतं, इतका त्यांचा नियम सरळ होता. तिचा फोटो पाठवणारं तिच्यामागे कुणी नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नव्हतं. मलासुद्धा. त्याची मला आजही लाज वाटते.

अनिकेतनं घाईघाईनं आपलं पोस्टर पुढे केलं. यमुनाबाईनं ते नीट पाहिलं. "हे वावर कोनाचं?" तिनं विचारलं.

मग ती बोलली ते खाली बघून, पिशवीचे बंद गुंडाळत. गावात तिच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तिची जाऊ शेवंता सगळ्यांना सांगत होती की यमुना शूटिंगवाल्यांच्या भाकरी थापायला गेली होती आणि आता हिरॉईन झाल्याच्या गप्पा मारते. अमरावतीला पिक्चर बघायला सगळे टेम्पो करून येणार होते, खरं-खोटं करायला. "पिच्चरमंदी अंधार असते म्हन्ते," यमुनाबाई म्हणाली, "तुमी मले पोस्टरवर दाखवा बाप्पा. मी भाकरी थापाले नोती गेली, एवढं दिसलं पाह्यजे. बाकी मले काई नाई पाह्यजे."

ती गेली. गुणवंतभाऊ मानेवरचा रुमाल काढून हातात धरून बसले. एकदा आपलं पोस्टर बघितलं, एकदा अनिकेतचं.

"तुह्या पोस्टरात कोनीच नाई," ते अनिकेतला म्हणाले, "माह्या पोस्टरात सगळे हायेत. अन् ते बाई दोनीतही नाई. आपन दोघंही सारखेच गधे हावो."

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस मी वेगळाच पाहिला. त्यांच्यापुढे पेच होता तो असा. पोस्टरवर यमुनाबाई एकटी हवी, नाही तर ती गर्दीत हरवणार. आणि एकटी लावली, तर तिच्या गावात लोक टाळ घेऊन तिच्या दारात जाणार. अनिकेतनं शूटिंगचे फोटो दिले. सगळ्या फोटोंत यमुनाबाई क्षितिजाकडे बघत होती. गुणवंतभाऊ एकेक फोटो बघून बाजूला सारत. "मेली... मेली... हे तं तेरवी झालेली." शेवटी मला म्हणाले, "मॅडम, बाजाराच्या दिवशी हिवरखेडले जाऊ. मेलेल्या मानसाच्या फोटोत काय नसते, हे मले सापडलं."

"काय नसतं?"

"तोंड उघडं नसते."

आम्ही गेलो. यमुनाबाई वांग्यांचे वाटे लावून बसली होती. गुणवंतभाऊंनी मोबाइल काढला, तशी ती ताठ झाली, पदर सारखा केला, ओठ मिटले आणि आधार कार्डासारखी समोर बघू लागली. दहा फोटो काढले, दहाही तसेच. मग त्यांनी मोबाइल खाली केला, एक वांगं उचललं, उलटंपालटं केलं आणि नाक मुरडून म्हणाले, "कालचे दिसतात. शिळे हायेत."

बस्स. यमुनाबाईनं ते वांगं त्यांच्या हातातून हिसकावलं आणि हात वर करून सुरू झाली. "शिळे? डोळे फुटले काय तुहे? सकाळी तोडले मी, देठ पाह्य, देठ! काटा रुतन हातात!" शेजारच्या मिरचीवालीपासून पलीकडच्या चप्पलवाल्यापर्यंत सगळे वळले. गुणवंतभाऊंचा मोबाइल कधी वर आला मला कळलंच नाही. फोटो काढून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि दोन वाटे वांगी विकत घेतली. तरी यमुनाबाई त्यांना देठच दाखवत राहिली.

तो फोटो पोस्टरवर आला. तोंड उघडं, पडलेला दात दिसतो आहे, वर उगारलेल्या हातात जांभळं वांगं, डोळ्यांत अंगार. मागे काही नाही. चेहऱ्याचा रंग उजळायला त्यांचा हात सवयीनं गेला आणि परत आला. "हे जसं हाय तसंच राहू द्या," स्वतःशीच म्हणाले. अनिकेत म्हणाला, फ्रेम लाउड आहे. गुणवंतभाऊ म्हणाले, "बाजारात बाई हळू बोलली तं माल कोन घेईन?" अनिकेत पाच मिनिटं पोस्टरकडे बघत राहिला. मग दाढी खाजवून म्हणाला, "राहू द्या." त्याच्यापुरतं ते फार मोठं वाक्य होतं.

चौथ्या दिवशी नानासाहेब स्वतः दुकानात आले. सोबत तिघे कार्यकर्ते, ते बाकड्यावर बसले. मी कोपऱ्यात उभी होते.

"गुणवंता, पोस्टरवर मी नाई म्हन्ते?"

गुणवंतभाऊंनी मानेवरचा रुमाल सारखा केला. कुणाचं डोकं लावणार नाही, असं ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. पण ते खुर्चीतून उठले आणि अदबीनं म्हणाले, "लावतो ना नाना. आत्ता लावतो. पन एक बाई अन् तिच्या बाजूले एक मानूस, असा फ्लेक्स दिसला तं आपल्याकडे त्याले काय म्हन्ते?"

नानासाहेब विचारात पडले. बाकड्यावरचा एक कार्यकर्ता मदतीला धावला. "लग्नाचा वाढदिवस," तो म्हणाला.

 शेजारच्या लोहाराचा घण तेवढा ऐकू येत होता.

"मंग दहा-पंधरा डोके लाव सोबत," नानासाहेब म्हणाले.

"तसंही लावतो. पन मंग तो त्या बाईचा वाढदिवस होते नाना, अन् खाली तुमी शुभेच्छुक."

शुभेच्छुक या शब्दानं नानासाहेब दचकले. आजवर ते कायम वर राहिले होते, शुभेच्छुक खाली असत. गुणवंतभाऊंनी तेवढ्यात तोडगा काढला. नानासाहेबांचा वेगळा फ्लेक्स, मोठा, 'शेवटचा वाटा या चित्रपटास हार्दिक शुभेच्छा', वर नाना, खाली छत्तीस डोकी, महोत्सवाच्या दारातच लावायचा. नानासाहेबांनी मान हलवली. मात्र आलेला चहा तसाच ठेवून गेले, आणि ते गेल्यावर गुणवंतभाऊ किती तरी वेळ त्या भरलेल्या कपाकडे बघत बसले होते.

महोत्सवाचा दिवस. अमरावतीतलं एक सभागृह, दुपारी चारचा खेळ. फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला यमुनाबाईचं पोस्टर आणि बरोबर समोर उजव्या हाताला सदतीस डोक्यांचा फ्लेक्स. गुणवंतभाऊंनी दोन्ही स्वतः बांधले होते. यमुनाबाई नवं लुगडं नेसून सकाळपासूनच आली होती. पोस्टरखाली भिंतीला हात टेकून उभी होती, सोबत बसायला कुणी म्हटलं तरी हलत नव्हती.

साडेतीनला हिवरखेडचा टेम्पो आला. वीस-पंचवीस माणसं धडाधड उतरली. पुढे शेवंता. फाटकातून आत आली, उजवीकडे वळली आणि थेट त्या मोठ्या फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली. मागोमाग सगळे. आयुष्यभर त्यांना वाचायला तेच शिकवलं होतं. "हा पाह्य आपला सरपंच!" "हे तेल्हाऱ्याचे कोन?" "याले काहून एवढं खाली टाकलं?" बोटं वर झाली, मोबाइल निघाले, लोक आपापल्या ओळखीच्या डोक्याखाली उभे राहून फोटो काढू लागले. एवढी सगळी माणसं, आणि सगळ्यांच्या पाठी यमुनाबाईकडे. ती हाक मारेल असं मला वाटलं. बाजारभर आवाज पोचवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिनं फक्त भिंतीवरचा हात काढून घेतला.

मी लोकांना बोलवायला निघाले, तर गुणवंतभाऊंनी अडवलं.

"नोका जाऊ मॅडम. तुमी सांगसान तं येतीन, पाहतीन, अन् परत तिकडंच जातीन. चूक माही हाय. मीच लावला तो तिथं."

त्यांनी खिशातून कटर काढलं. शांतपणे चालत गेले, गर्दीतून वाट काढली, स्टुलावर चढले आणि वरची दोरी कापली. मग दुसरी. नानासाहेब कमरेतून वाकले, मग सगळी रांग एकमेकांवर दुमडली आणि सदतीस डोकी सळसळत खाली येऊन पडली.

"ओ भाऊ, फ्लेक्स पडला!" कुणीतरी ओरडलं.

"पडला नाई. काढला."

"काहून?"

"पिच्चरचं पोस्टर तिकडं हाय. मांगं पाहा."

लोक वळले.  शेवंता पुढे झाली. पोस्टरच्या अगदी जवळ गेली, वर बघितलं, खाली उभ्या असलेल्या यमुनाबाईकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"पडलेला दात तं तुहाच हाय वं," ती म्हणाली.

"मंग कोनाचा राहीन?" यमुनाबाईचा आवाज परत आला होता, आणि फाटकाबाहेर रस्त्यावरची माणसं थबकली. "भाकरी थापनारीचा हाय काय तो? पाह्य नीट! हे तोंड माहं हाय, अन् हे वांगंही माहंच हाय!"

सगळं हिवरखेड हसलं. शेवंतासुद्धा. मग तिनंच मोबाइल पुढे केला आणि जावेच्या शेजारी उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं वाक्य आपल्याला बावीस मिनिटांत एकदाही सुचलं नाही, याचा थोडा रागही आला.

आमच्या लघुपटाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी आशय चांगला म्हटला आणि पोस्टर भडक म्हटलं. नानासाहेबांचे फ्लेक्स त्या वर्षापासून दुसऱ्या दुकानात होऊ लागले. गुणवंतभाऊ तरी त्यांच्या वाढदिवसाला चौकात जाऊन ते बघून येत आणि "सातवं डोकं गळ्यातून कापलं बाप्पा," म्हणून हळहळत. निवृत्त झाल्यावर मी अमरावतीला राहायला आले, भेटी कमी झाल्या. ते गेल्याचं मला महिनाभरानं कळलं.

मला ते दिसतात ते त्याच दुपारी. घंटा झाली होती, हिवरखेडची मंडळी यमुनाबाईला मध्ये घेऊन सभागृहात शिरत होती. मी दारातून मागे वळून पाहिलं. गुणवंतभाऊ तो भला मोठा फ्लेक्स गुंडाळून खांद्यावर घेऊन फाटकाकडे निघाले होते आणि समोरून नानासाहेबांची गाडी आत येत होती. गुणवंतभाऊ बाजूला झाले नाहीत. गाडी थांबली, काच खाली झाली.

"गुणवंता, आपला फ्लेक्स कुठं लावला?"

त्यांनी खांद्यावरचं ओझं सावरलं.

"काढला, नाना," ते म्हणाले. "लोकायले बाई दिसत नोती."